प्रोफेशन दोन-दोन, तरी खिसा रिकामा: वॉव क्लासिकमध्ये गोल्ड गळतं कुठे?

“दादा, चाळीसला पोचलो. पण घोड्याला पैसे नाहीत.”

धाकट्या मावसभावाचा फोन. रात्रीचे साडेबारा, म्हणजे युरोपच्या सर्व्हरवर ऐन रेडची (मोठ्या गटाने केलेल्या मोहिमेची) वेळ. आणि हा पठ्ठ्या खेळातल्या आयर्नफोर्ज शहराच्या ऑक्शन हाउससमोर, म्हणजे लिलावाच्या बाजारासमोर, खिशात २३ गोल्ड घेऊन उभा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये पहिलं वाहन चाळिसाव्या लेव्हलला मिळतं. घोडेस्वारी शिकायचे २० गोल्ड आणि घोड्याचे ८०. पॅलाडिन आणि वॉरलॉक या पात्रांना ते त्यांच्या क्लासकडूनच (वर्गाकडूनच) मिळतं, त्यामुळे ती मंडळी या विषयावर फार शहाणपणाने बोलतात, तिकडे लक्ष देऊ नये. बाकी सगळ्यांना ही शंभराची जुळणी करावी लागते आणि बहुतेकांची होत नाही.

“प्रोफेशन काय घेतलीयस?”

“ब्लॅकस्मिथिंग आणि इंजिनिअरिंग.”

“आणि मायनिंग?”

“ते कशाला? ते बोअर आहे.”

निदान फोनवरच झालं. पण हाच प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला निदान सात-आठ जणांनी विचारलाय. प्रत्येकाचा रोग थोडा वेगळा, लक्षणं मात्र तीच: प्रोफेशन वाढतंय, बॅगा भरतायत, ऑक्शन हाउसवर रोज माल चढतोय, आणि महिन्याच्या शेवटी गोल्ड आहे तिथेच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हे क्लासिकच्या मूळ, लेव्हल ६० पर्यंतच्या खेळाबद्दल आहे. पुढच्या विस्तारांत ज्वेलक्राफ्टिंग आलं, एन्चांट (वस्तूवर चढवायची जादू) गुंडाळून विकता येऊ लागले, तिथले हिशेब वेगळे.

आधी बघा: खाणारी तोंडं किती, कमावणारी किती

मुख्य प्रोफेशन, म्हणजे आपल्या पात्राचे धंदे, दोनच घेता येतात. मायनिंग, हर्बलिझम आणि स्किनिंग ही तीन गोळा करणारी. ब्लॅकस्मिथिंग, लेदरवर्किंग, टेलरिंग, इंजिनिअरिंग, अल्केमी आणि एन्चांटिंग ही बनवणारी. स्वयंपाक, फर्स्ट एड आणि फिशिंग या दोनांत मोजली जात नाहीत, ती कोणालाही घेता येतात.

मावसभावाच्या दोन्ही प्रोफेशनना धातू लागतो आणि धातू खणणारं कोणी नाही. म्हणजे घरात दोन खाणारी तोंडं आणि कमावता एकही नाही. तांब्याच्या पहिल्या पट्टीपासून लोखंडापर्यंत सगळं त्याने ऑक्शन हाउसवरून विकत घेतलं होतं. १८० पॉइंटपर्यंत ब्लॅकस्मिथिंग, १५० पर्यंत इंजिनिअरिंग. हे करताना किती गोल्ड गेलं याचा त्याने हिशेब ठेवला नव्हता. आम्ही फोनवर अंदाजाने बेरीज केली तेव्हा एक घोडा आणि वर खोगीर निघालं असतं.

तुमच्याकडेही दोन्ही बनवणारी प्रोफेशन असतील तर पुढचं काही वाचायच्या आधी ही गळती बंद करा. अपवाद एकच: टेलरिंग आणि एन्चांटिंगची जोडी. कापड माणसासारख्या शत्रूंकडून आपोआप पडतं, त्याला वेगळं गोळा करणारं प्रोफेशन लागत नाही. आणि शिवलेले हिरवे कपडे (नाव हिरव्या रंगात दिसणारे, साध्याहून वरच्या दर्जाचे) मोडून एन्चांटिंगचा माल मिळतो. ही जोडी स्वतःचं पोट स्वतः भरते, चैन मात्र करत नाही.

खरी गळती: घरचं दूध फुकट नसतं

आता दुसऱ्या प्रकारचा रुग्ण. याच्याकडे हर्बलिझम आणि अल्केमी आहे, जोडी उत्तम. स्वतः वनस्पती खुडतो, स्वतः औषधं बनवतो, विकतो. तरी गोल्ड वाढत नाही. हा रुग्ण मी स्वतः होतो, जवळजवळ चार महिने.

फ्लास्क ऑफ सुप्रीम पॉवर या औषधाचं उदाहरण घ्या. त्याला ३० ड्रीमफॉइल, १० माउंटन सिल्व्हरसेज आणि १ ब्लॅक लोटस एवढ्या वनस्पती लागतात, शिवाय एक काचेची कुपी. भाव समजण्यापुरते धरू, तुमच्या सर्व्हरचे तुम्ही घाला. ड्रीमफॉइल ६० सिल्व्हरला एक (१०० सिल्व्हरचा एक गोल्ड), म्हणजे तिसाचे १८ गोल्ड. सिल्व्हरसेज १ गोल्डला एक, दहाचे १०. ब्लॅक लोटस ९० गोल्ड. झाले ११८. फ्लास्क ऑक्शन हाउसवर १२२ ला चाललाय. चार गोल्ड सुटले म्हणून आपण खूश. पण विक्रीवर ऑक्शन हाउस ५ टक्के कापतं. १२२ मधले ६ गोल्ड १० सिल्व्हर तिथे गेले, हातात ११५ गोल्ड ९० सिल्व्हर. म्हणजे कुपीचे पैसे न धरताही दोन गोल्ड खड्ड्यात. वनस्पती विकत घेऊन बनवलेला हा फ्लास्क सव्वाशेच्या खाली विकला की तोटा.

हे मला चार महिने दिसलंच नाही, कारण मी वनस्पती विकत घेतच नव्हतो. “मी तर सगळं स्वतःच खुडलंय, मला पडले शून्य, मिळाले ११६.” ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांना हे लगेच कळेल. डेअरीत दुधाला जो दर मिळतो तो न मोजता खवा आटवला आणि खव्याचे आले तेवढे सगळे नफा म्हणाले, तर घरातली म्हातारीसुद्धा हसेल. वर गोवऱ्या जळाल्या आणि दुपार चुलीपुढे गेली, ते वेगळंच. मी नेमकं तेच करत होतो. वनस्पती तशाच विकल्या असत्या तरी पाच टक्के कापून ११२ मिळालेच असते, म्हणजे फ्लास्कची खरी कमाई ११६ नव्हे, जेमतेम चार गोल्ड, आणि तेवढ्यासाठी स्कोलोमान्समधल्या अल्केमी प्रयोगशाळेपर्यंत पायपीट.

मग प्रश्न पडतो की बनवलेली वस्तू कच्च्या मालापेक्षा स्वस्त कशी काय विकली जाते? सगळे वेडे आहेत का? नाही. बनवणाऱ्याला वस्तू नकोच असते, त्याला प्रोफेशनचा पॉइंट हवा असतो. घाण्यावर तेल काढणाऱ्याला पेंड जशी, तशी त्याला ती वस्तू. पेंड तो मिळेल त्या भावाने काढून टाकतो. लोकरी बॅग हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ८ खणांची ही बॅग शिवायला लोकरीच्या कापडाचे तीन तागे लागतात, एका ताग्याला तीन लोकरी तुकडे, म्हणजे नऊ तुकडे आणि एक दोरा. इकडे लोकरीला दुसरीकडूनही प्रचंड मागणी: फर्स्ट एडच्या पट्ट्यांना लागते, आणि शहरांची मर्जी मिळवायला ६०-६० तुकडे दान करणारे लोक रांगेत उभे असतात. लोकर पडतेही ठरावीक लेव्हलच्या शत्रूंकडूनच. त्यामुळे वीस तुकड्यांचा गठ्ठा बहुतेक वेळा चांगल्या भावाने जातो आणि बॅग मात्र शिकाऊ शिंप्यांनी पडत्या भावात ओतलेली असते. शिंपी असाल तर स्वतःपुरत्या चार बॅगा शिवा आणि उरलेली लोकर तशीच विका.

तेव्हा तपासणी क्रमांक दोन, आणि ही प्रत्येक वस्तूसाठी करायची: कच्चा माल आज बाजारात किती गोल्डचा आहे ते मांडा, तो विकत घेणार असाल तर त्याला ०.९५ ने भागा; स्वतः गोळा केला असेल तर भागू नका, कारण तो तसाच विकला तरी तेच ५ टक्के कापले जातात. येणारा आकडा हा तुमचा तळ. बाजारभाव त्याखाली असेल तर ती वस्तू बनवायची नाही, कच्चा माल विकायचा. ऑक्शनेटर किंवा ट्रेडस्किलमास्टरसारखं ॲडऑन (खेळाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) हे काम आपोआप करतं, पण आधी आठवडाभर वहीत हाताने करून बघा. ॲडऑन आकडा सांगतं, तुमची सवय बदलत नाही.

जी पाककृती ट्रेनर कुणालाही शिकवतो, तिच्यात नफा टिकत नाही हे त्यातून लवकरच उमगतं. नफा कुठे टिकतो? जिथे पाककृती दुर्मीळ आहे. एलिक्झिर ऑफ द मंगूज घ्या: २ माउंटन सिल्व्हरसेज, २ प्लेगब्लूम आणि एक कुपी एवढंच साहित्य, पण पाककृती अझशारा आणि फेलवूडमधल्या सॅटर नावाच्या शत्रूंना मारत बसलं तर कधीतरी पडते. ती हातात असली की महिनोन्महिने कमाई. क्रूसेडर एन्चांटचंही तसंच, त्याचं सूत्र हार्थग्लेनमधल्या स्कार्लेट आर्कमेज या शत्रूकडून पडतं आणि तिथे कायम कोणीतरी आधीच तळ ठोकून असतं.

माल विकला जात नाही, परत परत पेटीत येतो

हे लक्षण असेल तर दोष बहुधा मालाच्या जातीत आहे. शिरस्त्राण माणूस एकदा घेतो आणि आठ लेव्हल वापरतो. औषध एका रात्रीत दहा वेळा पितो आणि दुसऱ्या रात्री परत विकत घेतो. रोज संपणाऱ्या मालाला रोज गिऱ्हाईक.

यात एक छुपा खर्च आहे जो नवख्यांना दिसत नाही. ऑक्शन हाउसवर माल ठेवताना अनामत भरावी लागते. माल विकला गेला तर ती परत मिळते, नाही विकला किंवा तुम्ही मागे घेतला तर बुडते. ही अनामत वस्तूच्या व्हेंडर किमतीवर (खेळातला दुकानदार तिचे जे देतो त्यावर) आणि किती तासांसाठी ठेवताय त्यावर ठरते. वनस्पती आणि खनिजाची व्हेंडर किंमत नगण्य, त्यामुळे अनामत चिल्लर. चिलखत आणि शस्त्रांची व्हेंडर किंमत मोठी, त्यामुळे अनामतही जड. मावसभावाने एक हिरवी कुऱ्हाड पाच वेळा लावली, पाचही वेळा परत आली. अनामतीत गेलेले पैसे आणि शेवटी व्हेंडरने दिलेले पैसे, दोन्ही मांडल्यावर तो काही वेळ बोललाच नाही. दोनदा परत आलेलं हत्यार तिसऱ्यांदा लावू नका. व्हेंडरला द्या किंवा मोडा.

मोडण्यावरून आठवलं. एन्चांटिंगबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो की पैसा एन्चांट लावण्यात आहे. क्लासिकमध्ये एन्चांट ऑक्शन हाउसवर ठेवताच येत नाही. गिऱ्हाईक समोर उभं करावं लागतं, ट्रेड चॅनलवर भाजीवाल्यासारखं ओरडावं लागतं, आणि मग ‘साहित्य माझं, टिप देतो’ म्हणणारा येतो आणि ५० सिल्व्हर देऊन जातो. पैसा आहे तो वस्तू मोडून निघणाऱ्या भुकटीत आणि शार्डमध्ये, म्हणजे जादूच्या तुकड्यांमध्ये. क्लासिकमध्ये मोडण्यासाठी प्रोफेशनचे पॉइंट लागत नाहीत. लेव्हल पाचचं एखादं ऑल्ट (आपलंच दुसरं पात्र) करा, त्याला एन्चांटिंग शिकवा, आणि मुख्य कॅरेक्टरच्या न विकणाऱ्या हिरव्या वस्तू पोस्टाने तिकडे पाठवा. हा माझ्या यादीतला सगळ्यात कमी कष्टाचा उपाय आहे.

गोळा करणारी दोन्ही आहेत, तरी हात रिकामे

तिसरा रुग्ण: मायनिंग आणि हर्बलिझम दोन्ही. कागदावर यापेक्षा फायद्याची जोडी नाही. पण क्लासिकमध्ये नकाशावर एका वेळी एकाच गोष्टीचा माग काढता येतो. खनिज दिसत असताना वनस्पती दिसत नाहीत. म्हणजे अर्ध्या गोष्टींजवळून तुम्ही रोज न बघता निघून जाता. हंटरची अडचण तर दुप्पट, कारण त्याचं प्राण्यांचा माग काढणंही त्याच एका जागेत बसतं. आलटूनपालटून माग बदलणारा मॅक्रो (एका बटणावर चालणारी आज्ञा) करता येतो, मी तो घोड्यावर असताना दाबत राहायचो, पण दोन तासांनी बोट आणि डोकं दोन्ही दुखायला लागतं.

लेव्हल वाढवताना म्हणूनच मी मायनिंग आणि स्किनिंग, किंवा हर्बलिझम आणि स्किनिंग सुचवतो. स्किनिंगला माग लागत नाही, तुम्ही क्वेस्टसाठी (खेळातल्या कामगिरीसाठी) मारलेलं जनावर समोर पडलेलंच असतं. त्याचा हिशेबही सोपा: वीसच्या वरच्या जनावराला लेव्हलच्या पाचपट पॉइंट लागतात, तीसच्या लांडग्याला १५०, साठच्याला ३००. हर्बलिझमला अवजार लागत नाही. मायनिंगला कुदळ आणि स्किनिंगला सुरी बॅगेत बाळगावी लागते, सुरुवातीच्या सहा-आठ खणांच्या बॅगांमध्ये तेवढीही जागा जाणवते.

आणि बॅगा भरल्या म्हणून खनिज मागे सोडून येऊ नका. जागा हवी असेल तर शत्रूंकडून पडलेलं करडं भंगार टाका.

खालच्या लेव्हलचा माल कचरा समजू नका. तांबं पहिल्या पॉइंटपासून खणता येतं, आणि नवीन इंजिनिअर-ब्लॅकस्मिथ त्याच्यावाचून हलू शकत नाहीत. साठ लेव्हलचा माणूस ऑल्टसाठी तांबं खणत बसत नाही, तो विकत घेतो, आणि त्याच्यासाठी दोन-तीन गोल्ड म्हणजे काहीच नाही. आन किराज या रेडचा दरवाजा उघडायला सर्व्हरभर वर्गणी गोळा होते तेव्हा त्या यादीत तांब्याच्या पट्ट्या आणि पर्पल लोटस असतात. त्या काळात ज्यांच्या बँकेत तांबं पडून होतं त्यांची चंगळ झाली.

वेळ: इथे आपल्याला चक्क फायदा आहे

भारतातून खेळणारे आपण बहुतेक युरोपच्या सर्व्हरवर असतो आणि पिंग (सर्व्हर लांब असल्याने होणारा उशीर) आणि जागरण यांना शिव्या देत असतो. पण गोळा करणाऱ्यासाठी हेच वेळेचं अंतर देणगी आहे. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा मध्य युरोपात हिवाळ्यात रात्रीचे अडीच असतात. विंटरस्प्रिंग, सिलिथस, बर्निंग स्टेप्स, सगळीकडे शुकशुकाट. पहिला चहा होईपर्यंत रिच थोरियम या धातूच्या शिरा एकट्याने खणून होतात. तीच फेरी रात्री अकराला मारली तर प्रत्येक शिरेवर तुमच्याआधी एक जर्मन ड्वॉर्फ उभा असतो.

विकायचं मात्र त्यांच्या संध्याकाळी. तिथे संध्याकाळी आठला रेड सुरू होतात, आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. त्याआधी दोन-तीन तास लोक ऑफिसातून येऊन औषधं भरून घेतात. मी जेवण झालं की साडेनऊच्या सुमारास माल लावतो आणि झोपतो. युरोपात रेडचा आठवडा बुधवारी नव्याने सुरू होतो, माझ्या सर्व्हरवर बुधवार-गुरुवारी ड्रीमफॉइलचा भाव चढतो आणि रविवारी, सगळ्यांनी सुट्टीभर खुडल्यावर, उतरतो. रविवारी विकत घ्या, बुधवारी विका असं सांगायचा मोह होतो. पण आधी तुमच्या सर्व्हरचे दोन आठवडे लिहून बघा.

ब्लॅक लोटसच्या नादाला लागायचं की नाही? हर्बलिझम ३०० असेल तर दिसलं की खुडा, पण त्याच्यासाठी फेऱ्या मारू नका. एकेका प्रदेशात मोजकीच उगवतात आणि त्यांच्यामागे दिवसभर घिरट्या घालणाऱ्या टोळ्या असतात. अनगोरोच्या डेव्हिलसॉरांचं २०१९ मध्ये हेच झालं होतं: काही टोळ्यांनी तिथल्या डायनोसॉरांवर पाळ्या लावून पहारा बसवला, लोक त्यांना सरळ डेव्हिलसॉर माफिया म्हणायचे. एकट्याने त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

साठला पोचल्यावर काय बदलतं

पहिल्या साठ लेव्हल गोळा करा आणि विका, बस. बनवणारं प्रोफेशन हवंच असेल तर ते साठला घ्या, तेव्हा कच्चा माल खरेदी करायची ताकद असते आणि बाजाराची ओळखही झालेली असते. पुढचा खड्डा १००० गोल्डचा आहे, वेगवान वाहनाचा, तेव्हा दम टिकवून ठेवलेला बरा.

तोवर एक गोष्ट करून ठेवता येते: कूलडाउनवाली ऑल्ट. काही गोष्टी कितीही कच्चा माल असला तरी ठरावीक दिवसांनीच करता येतात, आणि म्हणूनच त्यांच्यात मजुरी उरते. अल्केमिस्ट एक थोरियम पट्टी आणि एक आर्केन क्रिस्टल यांची आर्केनाइट पट्टी दोन दिवसांतून एकदाच करू शकतो. शिंपी दोन फेलक्लॉथचं एक मूनक्लॉथ चार दिवसांतून एकदा. चांभारकाम करणारा सॉल्ट शेकरमधून डीपरॉक सॉल्ट तीन दिवसांतून एकदा शुद्ध करतो. यासाठी साठ लेव्हल लागत नाही. बनवणाऱ्या प्रोफेशनची शेवटची पायरी पस्तिसाव्या लेव्हलला उघडते. पस्तीसचा अल्केमिस्ट २७५ पर्यंत नेला, गॅजेट्झानमधून आर्केनाइटची पाककृती घेतली, की तो शहरात बसून दर दोन दिवसांनी एक बटण दाबतो. साहित्य गिऱ्हाइकाचं असेल तर नुसती मजुरी, आपलं असेल तर फरक. आपल्या साहित्यावर आधी वरचं ०.९५ चं गणित.

उरलेल्या प्रोफेशनबद्दल थोडक्यात माझं मत. इंजिनिअरिंग अप्रतिम आहे, पण ते पैशासाठी नाही. सॅपर चार्ज, ग्रेनेड, असली बहुतेक स्फोटकं वापरायलाही इंजिनिअरच लागतो, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तेच लोक जे स्वतः ते बनवू शकतात. मजेसाठी घ्या, खर्च गृहीत धरा. ब्लॅकस्मिथिंग वाढवायला महाग आणि नफा दुर्मीळ पाककृती असलेल्यांनाच. डेन्स शार्पनिंग स्टोनसारखी छोटी वस्तू मात्र एका दगडात एक बनते आणि रोज खपते. टेलरिंगमध्ये एव्हरलुक गावातल्या क्विया या दुकानदारणीकडचा रनक्लॉथ बॅगचा नमुना मिळाला तर घ्या, १४ खणांच्या बॅगेला कायम गिऱ्हाईक असतं, तिच्याकडे तो मर्यादित संख्येने येतो म्हणून जाता-येता डोकावत राहा.

आणि फिशिंग. कोणी मनावर घेत नाही. प्रोफेशनची जागा खात नाही, लढावं लागत नाही, फोनवर बोलता बोलता होतं. स्टोनस्केल ईल या माशापासून निघणारं तेल फ्लास्क ऑफ द टायटन्सला दहा लागतं. ऑइली ब्लॅकमाउथच्या तेलाशिवाय फ्री ॲक्शन पोशन होत नाही, आणि खेळाडूंशी लढणारे लोक तो पाण्यासारखा पितात. तानारिसच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसणं हा माझ्या मते या गेममधला सगळ्यात शांत धंदा आहे. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रोफेशन सोडायच्या आधी

चूक लक्षात आली की लोक घाईने प्रोफेशन टाकून देतात. टाकलं की सगळे पॉइंट जातात, परत घेतलं तर १ पासून. म्हणून आधी विचारा: जे टाकतोय ते पुढे नक्की लागणार आहे का? लागणार असेल तर मुख्य कॅरेक्टरवर तेच ठेवा आणि नवं ऑल्टला द्या. मावसभावाचं ब्लॅकस्मिथिंग १८० ला होतं, त्याचा त्यात जीव अडकलेला. शेवटी इंजिनिअरिंग टाकलं आणि मायनिंग घेतलं. चाळीस लेव्हलच्या माणसाने एल्विनच्या जंगलात पहिल्या लेव्हलच्या पोरांमध्ये तांबं खणायला जाणं लाजिरवाणं वाटतं खरं. पण ६५ ला टिन, १२५ ला लोखंड, १७५ ला मिथ्रिल असे टप्पे आहेत, रोज सकाळी तासभर दिला तर दहा-बारा दिवसांत मिथ्रिल. वाटेतला सगळा धातू विकायचा, ब्लॅकस्मिथिंगला हात लावायचा नाही, एवढीच अट मी घातली. दोनदा मोडली त्याने, पण ते सांगताना स्वतःच हसत होता.

वरचं सगळं करूनही गोल्ड कमी भरत असेल तर शेवटचं एक ठिकाण तपासा: पोस्टाची पेटी. विकल्याचे पैसे विक्रीनंतर तासाभराने पत्रातून येतात आणि न विकलेला मालही तिथेच परत येतो. तीस दिवसांत पत्र उघडलं नाही तर आतल्या मालासकट जातं. मी मावसभावाला पेटी उघडायला लावली. आत चौदा पत्रं होती, दोन विकल्या गेलेल्या मालाची, बाकी परत आलेल्या तलवारी. आणि सगळ्यात जुन्या पत्रावर उरलेला एक दिवस दिसत होता.

“दादा, यात अकरा गोल्ड आहेत रे!”